स्वतःचंही पान वाढा: रोजच्या खाण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अठरा वर्षं मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे. समोर येऊन बसणारी बहुतेक माणसं आधी कबुली देतात आणि मग प्रश्न विचारतात. "मॅडम, काल लग्नात दोन गुलाबजाम झाले." "रागावू नका, पण चहा काही सुटत नाही." चोरी पकडल्यासारखे चेहरे असतात त्यांचे. जेवणाची एवढी लाज वाटावी असं त्यात काय आहे, हे मला अजून सलतं. माझं सांगणं एकच आहे. घरी आलेल्या पाहुण्याला आपण बसवतो, काय आवडतं ते विचारतो, पोटभर वाढतो. तसंच स्वतःलाही वाढायला शिका. बाकीचं पथ्यपाणी त्याच्या मागून येतं.

चांगलं खायचं म्हणजे रोज नेमकं काय खायचं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यांचा हिशेब साधारण असा आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, शेंगदाणे-तीळ-बदाम यांसारखं ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. वजनं कच्च्या जिनसांची आहेत. डाळीतला काही वाटा अंडी, मासे किंवा मटणानं भरून निघतो.

आता काटा घेऊन बसू नका. ताटाकडे बघा. चार पोळ्या, दोन्ही वेळचा मिळून दीड वाटी भात आणि सकाळचे पोहे, एवढ्यात धान्याचा वाटा पुरा होतो. धान्य आपल्याला कमी पडत नाही. कमी पडतात डाळ आणि भाजी. चार माणसांच्या आमटीला आपण मूठभर तूरडाळ लावतो आणि पाणी वाढवत नेतो. माणशी दोन मुठी डाळ दिवसभरात पोटात जायला हवी, ती पातळ आमटीतून जात नाही. म्हणून रोज एक वेळ मटकी, चवळी, मूग, पावटा यांपैकी कशाची तरी उसळ करा, नाहीतर घट्ट पिठलं. वरण करायचं तर तेही घट्टच करा.

भाजीला आपण 'तोंडी लावणं' म्हणतो आणि तेवढीच ती खातो. पोळीच्या घासाला लागेल इतकी. माझ्याकडे येणाऱ्यांना मी पहिल्या भेटीत एकच बदल सांगते: भाजी वाढायला चमचा घेऊ नका, डाव घ्या. काही बंद करायचं नाही, काही विकत आणायचं नाही. महिनाभर एवढंच. पुष्कळांना दुसऱ्या भेटीत फार काही सांगावं लागत नाही.

ताटाची डावी बाजूही विसरू नका. कोशिंबीर, चटणी, लिंबाची फोड. त्या लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला मदत होते.

स्वतःशी मायेनं वागायचं म्हणजे काय? हे जिभेचे चोचले झाले ना?

माया आणि लाड यांतला फरक आपल्याला मुलांच्या बाबतीत बरोबर कळतो. तापातून उठलेलं मूल चॉकलेट मागतं. माया असलेली आई आधी मऊ भात कालवते, शेजारी बसते, दोन घास जास्त जावेत म्हणून गोष्ट सांगते. चॉकलेट नंतर देतेही. ती पोराला "तुझ्यात मनोनिग्रहच नाही" असं म्हणत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र आपण तेच म्हणतो, दिवसातून चार वेळा.

टेक्सास विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये या आत्मकरुणेची मांडणी केली. तिचे तीन भाग आहेत: स्वतःशी मायेनं बोलणं, चुकणारे आपण एकटेच नाही हे ओळखणं आणि जे झालं ते न फुगवता, न दडपता आहे तसं पाहणं. खाण्यात हे कसं उतरतं? "मी बेशिस्त आहे" हे वाक्य टाकून द्यायचं आणि "आज दुपारी डबा खायला वेळ मिळाला नाही, म्हणून संध्याकाळी चार वडे झाले" एवढं म्हणायचं. पहिल्या वाक्यानं फक्त मान खाली जाते. दुसऱ्यात उद्या काय करायचं ते आपोआप दिसतं.

दिवसभर मी कडक पथ्य पाळते आणि रात्री नऊनंतर सगळं हातचं जातं. माझ्यात काय कमी आहे?

तुमच्यात काही कमी नाही, दिवसभराच्या जेवणात कमी आहे. आपल्या भाषेनं हे केव्हाच सांगून ठेवलंय: एकादशी अन् दुप्पट खाशी. लोक ती म्हण हसण्यावारी नेतात, पण शरीर खरोखर तसंच वागतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना परत कसं खाऊ घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. त्या तरुणांचं वजन जवळपास चौथ्या हिश्श्यानं उतरलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ती मुलं दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागली. पाककृती जमवू लागली, ताटातला घास तासभर पुरवू लागली. प्रयोग संपल्यावर त्यांतल्या काहींची भूक कितीही खाल्लं तरी भागेना. त्यांच्यात निग्रहाची काही कमी नव्हती. पोट मारलं की मन अन्नापाशी जाऊन बसतं, इतकंच.

हे मी पुस्तकातून शिकले त्याआधी अंगावर काढलं होतं. चोविसाव्या वर्षी माझ्याकडे एक निळी वही होती. तिच्यात मी प्रत्येक घासाच्या कॅलरी लिहायचे. सकाळी एक सफरचंद, दुपारी दोन फुलके, संध्याकाळी ताक. त्या वर्षी दिवाळीच्या दुसऱ्या रात्री, घर झोपल्यावर, मी स्वयंपाकघरात दिवा न लावता चिवड्याचा डबा उघडला. हाताला तेलकट मीठ, कुरकुरणारे पोहे, मधेच दाताखाली आलेलं खोबरं. डबा अर्धा झाला तेव्हा भानावर आले. आणि वहीत त्या दिवसाचं पान फाडून टाकलं. ते पान फाडणं हेच खरं दुखणं होतं. चिवडा तर दिवाळीत खायचाच असतो.

म्हणून रात्रीचा प्रश्न दुपारी सोडवायचा. नाश्ता पोटभर करा. दुपारच्या जेवणात डाळ किंवा उसळ असूच द्या. आणि पाच-साडेपाचला काहीतरी खरंखुरं खा: मूठभर शेंगदाणे नि गूळ, फुटाणे, एक अंडं, थालीपीठ, दह्यातले पोहे. दोन आठवडे नेमानं करा. रात्रीची वखवख बहुतेकांची उतरते.

पथ्य एकदा मोडलंच, तर मग तो दिवस गेलाच ना?

असं वाटणारे तुम्ही एकटे नाही, आणि संशोधकांनी नेमकं हेच तपासलंय. १९७५ सालच्या एका प्रयोगात डाएट करणाऱ्यांना आधी मिल्कशेक दिला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं चाखायला दिलं. मिल्कशेक न प्यायलेल्या डाएटवाल्यांपेक्षा प्यायलेल्यांनीच आइस्क्रीम जास्त खाल्लं. "आता मोडलंच आहे तर..." हा तो विचार.

२००७ मध्ये आणखी एक प्रयोग झाला. तरुणींना आधी डोनट खायला दिलं. त्यांतल्या काहींना सहज बोलल्यासारखं सांगितलं की असं सगळेच खातात, जिवाला लावून घेऊ नका. मग गोळ्या-चॉकलेटं चाखायला ठेवली. एरवी कडक पथ्य पाळणाऱ्यांपैकी ज्यांनी ते दोन मायेचे शब्द ऐकले होते, त्यांनी कमी खाल्लं. धाक दाखवून जे होत नाही ते एका साध्या वाक्यानं झालं. स्वतःवर खेकसण्यानं माणूस सुधारतो, असं जे मानतात त्यांना मी हा प्रयोग नेहमी सांगते.

दिवस जात नाही. जातं ते फार तर एक खाणं. पुढचं जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेलंच. भरपाई म्हणून उपाशी राहू नका, त्यानं गाडी पुन्हा त्याच वळणावर येते.

खरी भूक आणि नुसती वखवख ओळखायची कशी?

मनात विचारा: आत्ता समोर गरम वरणभात आला तर खाईन का? हो असेल तर भूक आहे, जेवा. "वरणभात नको, ते वेफर्सच हवेत" असं उत्तर आलं, तर पोटापेक्षा दुसरं काहीतरी रिकामं असण्याचा संभव आहे. कंटाळा, राग, ऑफिसातलं बोलणं, नाहीतर अपुरी झोप. तेव्हाही वेफर्स खाल्ले म्हणून काही आभाळ कोसळत नाही. वाटीत काढून घ्या, बसून खा, आणि झालंच तर कुणाला तरी फोन करा.

मी सगळ्यांना वाढून शेवटी जेवते. खरं तर फारसं खातच नाही, तरी वजन वाढतंय.

हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतो आणि विचारणारी बाई नेहमी खरं बोलत असते. तिला खरंच वाटतं की ती काही खात नाही, कारण तिनं स्वतःचं पान कधी घेतलेलंच नसतं.

रात्रीचे साडेनऊ. बाकीच्यांची जेवणं उरकलेली. ती ओट्यापाशी उभी आहे. कुकरच्या भांड्याच्या कडेचा भात उलथन्यानं खरवडून तोंडात जातो. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी तिनं कढईत फिरवली, तळाची मसाल्याची भाजी पोळीला लागली, तीही गेली. वाटीत शिकरण उरली होती, दोनच चमचे, फ्रीजमध्ये कुठे ठेवायची? मग भांडी. साडेदहाला टीव्हीपुढे बसल्यावर पोट म्हणतं, जेवायचं राहिलं की. मग चहा आणि चार बिस्किटं. यातला कुठलाच घास तिच्या हिशेबात नाही. आणि यात तिच्या वाट्याची उसळ नाही, कोशिंबीर नाही, ताज्या भाजीचा डाव नाही.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. कारणं अनेक आहेत. पण मागून बसणाऱ्या बाईच्या वाट्याला काय उरतं, हे मी रोज ऐकते, आणि त्या आकड्यामागे मला तो ओटा दिसतो.

मुलगा लहान होता तेव्हा मीही अशीच जेवायचे. एका रात्री सासूबाईंनी माझ्या हातातलं उलथनं काढून घेतलं. "अगं, बस आता. आज मी वाढते." त्यांनी तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात टाकली, वर लोण्याचा गोळा ठेवला, वांग्याची भाजी वाढली आणि समोर बसून राहिल्या. दोन भाकऱ्या खाल्ल्या मी. त्या रात्री बिस्किटांच्या डब्याकडे हात गेला नाही. मी शिकलेली होते, पण खाण्याचा खरा धडा मला त्यांनी दिला.

प्रत्येकीच्या घरी असं कुणी वाढणारं नसतं. मग एवढं करा: सगळ्यांची ताटं करताना स्वतःचंही ताट त्याच वेळी करा, सगळे पदार्थ घेऊन. पंगतीत बसणं शक्य नसेल तर झाकून ठेवा. पण बसून जेवा. आणि घरातल्या पुरुषांनो, मुलांनो, हे वाचत असाल तर उद्यापासून वाढायला उठा.

भात सोडू का?

नको. भात कमी घेऊन वरण वाढवा. शंभर दिवस भात सोडलेला माणूस एकशे एकाव्या दिवशी काय करतो, ते वर लिहिलंच आहे.

ज्वारी-बाजरी-नाचणीच खायची का? गहू वाईट आहे का?

गहू वाईट नाही. पण ज्वारी-बाजरीत चोथा जास्त असतो, त्यानं पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, इतकं दुसऱ्या कुठल्याच नेहमीच्या धान्यात मिळत नाही. मी सोलापूरकडची, मला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, तेव्हा माझा कल उघड आहे. पण तुमच्या घरी भाकरी कुणालाच थापता येत नसेल तर त्यापायी जीव टाकू नका. कणकेत मूठभर ज्वारीचं पीठ मिसळा. नाचणीची आंबील करा, थालीपीठ करा.

तूप, शेंगदाणे, ओला नारळ बंद करायला हवा?

बंद काहीच नाही. तेला-तुपाचा हिशेब कढईपाशी लागत नाही, किराण्याच्या यादीत लागतो. दिवसाला २७ ग्रॅम म्हणजे महिन्याला माणशी साधारण ८०० ग्रॅम. चार माणसांच्या घरात सव्वातीन किलोच्या आसपास. तुमच्याकडे पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर तळण किती होतंय ते बघा. वरणभातावरच्या चमचाभर तुपाला कशाला बोल लावायचा? शेंगदाण्याच्या कुटानं भाजीला चवही येते आणि प्रथिनंही मिळतात.

चहा किती चालेल?

चहापेक्षा साखर मोजा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे निव्वळ चहातच ती मर्यादा ओलांडली, मारी आणि खारी वेगळीच. एकदम फिका चहा करू नका, दोन दिवसांत कंटाळाल. दर पंधरवड्याला प्रत्येक कपातली पाव चमचा साखर कमी करा. जिभेला कळतही नाही. आणि जेवणाला लागून चहा नको. त्यातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून मध्ये तासभर जाऊ द्या.

उपवासाच्या दिवशी काय करावं?

श्रद्धेनं करत असाल तर करा, त्याबद्दल मी कधीच कुणाला अडवत नाही. साबुदाणा म्हणजे मात्र कंदापासून काढलेला जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात प्रथिनंही नाहीत नि चोथाही नाही. खिचडीत जे काही सत्त्व आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं. तेव्हा कूट सढळ हातानं घाला, किंवा भगर आणि दाण्याची आमटी करा. सोबत दही, काकडीची कोशिंबीर, उकडलेलं रताळं. राजगिऱ्याची भाकरीही छान होते.

पण काल जास्त खाल्लं म्हणून आज उपवास, असा हिशेब चालला असेल, तर त्याला उपवास म्हणू नका. ती शिक्षा आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण चुकवू नका. साखर एकदम उतरते आणि ते जिवावर बेतू शकतं.

कुणी म्हणतं दिवसातून दोनदाच जेवा, पंचावन्न मिनिटांत. कुणी म्हणतं दर दोन तासांनी खा. खरं कुणाचं?

दोन्हींनी फायदा झालेली माणसं मी पाहिली आहेत आणि दोन्हींनी हैराण झालेलीही. त्यांचा दिवस कसा जातो हे विचारल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही. एसटीचा कंडक्टर दर दोन तासांनी काय खाणार? रात्रपाळीची नर्स 'सूर्यास्तापूर्वी जेवा' हे कसं पाळणार? जी पद्धत पाळताना तुम्ही दिवसभर घड्याळाकडे बघत बसता, घरच्यांवर चिडता, लग्नाकार्याला जायला घाबरता, ती तुमची नाही, मग शेजाऱ्याचं तिनं वीस किलो का उतरेना. गरोदर बाया, वाढत्या वयाची मुलं, साखरेची औषधं घेणारे आणि ज्यांना मधूनच खाण्याचा झटका येतो त्यांनी दीर्घ उपाशी राहण्याच्या पद्धतींच्या वाटेला स्वतःहून जाऊच नये.

वजन तरी बघायचं की नाही?

बघा, पण काट्याच्या तोंडून सगळं ऐकू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघंही शिडशिडीत. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, २२.३, तंतोतंत सारखा. पण मोजणी केली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडची बाळंही अशीच असतात, हे याज्ञिक यांच्या चमूनं पुण्याजवळच्या गावांत दाखवलं: इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जन्मतः वजनानं बरीच कमी, पण अंगावरची चरबी त्या मानानं टिकलेली, स्नायू मात्र कमी. म्हणून तर भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा या इंडेक्सच्या २५ ऐवजी २३ वर धरतात.

याचा मला लागलेला अर्थ असा: बारीक माणसानं निर्धास्त राहू नये आणि जाड माणसाला कुणी तोंडावर आळशी म्हणू नये. यातलं बरंचसं आईच्या पोटातूनच सोबत आलेलं असतं. काट्यावर महिन्यातून एकदा उभं राहा, पुरे. त्यापेक्षा वर्षातून एकदा रक्तातली साखर, हिमोग्लोबिन आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासा. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्यानं येणारा थकवा माणसं आळसाच्या खाती मांडतात.

नातेवाईक भेटले की "किती सुटलीस!" म्हणतात आणि लगेच ताटात तिसरी पुरणपोळी टाकतात. काय करू?

आपल्याकडे वजन वाढलं की "तब्येत सुधारली" म्हणतात आणि दुसऱ्याच वाक्यात "जरा कमी कर आता" म्हणतात. बहुतेकांच्या मनात वाईट नसतं. बोलायला दुसरं काही सुचत नाही. तरी लागायचं ते लागतंच. मी शिकवलेली आणि लोकांना जमलेली दोन वाक्यं सांगते. बोलण्यावर: "मावशी, ते राहू दे, तुझा गुडघा कसा आहे ते सांग." आग्रहावर: "पोळी फार छान झालीय, मला डब्यात बांधून दे, उद्या सकाळी तुपाबरोबर खाईन." नकोही म्हटलं जातं आणि करणाऱ्या हाताचा मानही राहतो. डबा खरंच आणायचा मात्र.

घरात मधुमेह आहे. अशा वेळी माया परवडेल का?

मधुमेह असेल तर तिची जास्तच गरज आहे, कारण हे पथ्य आयुष्यभराचं. रागारागानं कुणी आयुष्यभर काही पाळत नाही. जेवायला बसताना आधी भाजी, कोशिंबीर, डाळ संपवा, मग भात-पोळी. जेवणानंतर शतपावली घाला, शंभर पावलांवर न थांबता दहा-पंधरा मिनिटं चाला. साखर चढते ती याने कमी चढते. सणाला मोदक खायचा असेल तर जेवणातच एक खा आणि तेवढा भात कमी घ्या. लपून चार खाण्यापेक्षा सगळ्यांसोबत बसून एक खाल्लेला कितीतरी बरा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं घेत असाल तर बी-१२ तपासण्याबद्दल डॉक्टरांशी बोला.

माझी पंधरा वर्षांची मुलगी जेवण टाळते, जेवली की लगेच बाथरूममध्ये जाते. वयाचा भाग म्हणून सोडून देऊ का?

सोडून देऊ नका. झपाट्यानं उतरणारं वजन, पाळी थांबणं, जेवल्यावर उलटी काढणं, सगळ्यांसमोर न खाणं, दिवसातून अनेकदा काट्यावर उभं राहणं, यांतलं काहीही दिसलं तर हा आजार असू शकतो आणि तो उपचारांनी बरा होतो. डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ, दोघांकडेही न्या. सुरुवात कुठून करावी कळत नसेल तर सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत मदतवाहिनी आहे, १४४१६ या क्रमांकावर, मराठीतही बोलता येतं. मुलांमध्येही हे होतं, फक्त तिथे ते जिम आणि प्रोटीन पावडरच्या आड लपतं.

घरात एक नियम आजपासून करा: जेवताना कुणाच्याही अंगाबद्दल बोलायचं नाही. तिच्या नाही, आत्याच्या नाही आणि स्वतःच्याही नाही. "मी किती जाड दिसते" हे आई आरशासमोर रोज म्हणते, ते मुलगी ऐकत असते.

उरलेलं टाकवत नाही, म्हणून मी संपवते. ही सवय कशी मोडू?

अन्न टाकू नये ही शिकवण चांगलीच आहे, मोडायचं काहीच नाही. फक्त ते ठेवायची जागा बदला. झाकणाचे तीन-चार छोटे डबे ओट्यावर हाताशी ठेवा, जेवणं झाली की उरलेलं लगेच त्यात काढा, मग भांडी घासायला घ्या. भात तासा-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभर बाहेर राहिलेला भात नको, त्यानं पोट बिघडतं. सकाळी फ्रीजमधल्या भाताचा फोडणीचा भात करा, मटार किंवा गाजर घालून. पोळ्या उरल्या तर कुस्करून फोडणीची पोळी, वर कांदा, कोथिंबीर, शेंगदाणे, लिंबू. आणि करताना स्वतःची बशी आधी भरा.